ऑफिस इमारतींची पर्यावरणपूरक सफाई: बादलीत काय घालायचं आणि एसटीपीत काय जाऊ द्यायचं नाही

खराडीकर

नमस्कार. खराडीतल्या एका आठ मजली व्यावसायिक इमारतीच्या असोसिएशनचं काम पाहतो. हाऊसकीपिंगचं कंत्राट नव्याने द्यायचं आहे आणि या वेळी पर्यावरणपूरक सफाईची अट त्यात नीट शब्दांत घालायची आहे. ठेकेदारांच्या कोटेशनमध्ये 'ग्रीन केमिकल' एवढंच लिहिलेलं असतं आणि समोर वाढीव दर. त्यातून काही कळत नाही.

इमारतीची माहिती: लॉबीत काळा ग्रॅनाइट, पॅसेजमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स, दोन्ही जिन्यांना कोटा फरशी. प्रत्येक मजल्यावर दोन स्वच्छतागृहं आणि एक पॅन्ट्री. पाणी बहुतेक बोअरचं आणि टँकरचं. तळघरात एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारं संयंत्र), त्याचं पाणी फ्लशला आणि बागेला. सध्या पांढरं फिनेल, टॉयलेटला ॲसिड, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), सुटा लिक्विड सोप आणि युरिनलमध्ये डांबरगोळ्या वापरतात.

तक्रारी अशा: एसटीपीच्या टाकीवर फेस, कमोडमध्ये पिवळे-तपकिरी डाग, आणि लॉबीची फरशी पुसल्यावर तासाभरात परत मळकी. सुरुवात कुठून करावी?

एसटीपीवाला

तुमच्या पहिल्या दोन तक्रारी एकाच चक्राचे दोन भाग आहेत, म्हणून त्या एकत्र सोडवा. कमोडमध्ये डाग पडतात, म्हणून ॲसिड ओततात. ॲसिड, हायपो आणि फिनेल एसटीपीत जातं, तिथले जिवाणू मार खातात, पाणी नीट शुद्ध होत नाही. तेच गढूळ, रंगीत पाणी फ्लशच्या टाकीत परत येतं आणि कमोडला आणखी डाग पाडतं. मग ॲसिड दुप्पट. हाऊसकीपिंगचा सुपरवायझर आणि एसटीपीचा ऑपरेटर यांचे ठेकेदार वेगळे, त्यामुळे दोघे एकमेकांशी बोलतच नाहीत. माझ्या मते पर्यावरणपूरक सफाईचं निम्मं काम या दोघांना एका टेबलाशी बसवण्यात आहे.

आता नेमकं काय बिघडतं ते. एरेशन टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीत, दोन प्रकारचे जिवाणू महत्त्वाचे. सेंद्रिय घाण खाणारे चिवट असतात, लवकर वाढतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे मात्र हळू वाढतात आणि फार नाजूक असतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ७.१ ग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची क्षमता, खर्च होते (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात). रोज ॲसिड आलं की ही अल्कलिनिटी आधीच संपते, पीएच ६.५ च्या खाली गेला की नायट्रेट करण्याचं हे काम (नायट्रिफिकेशन) मंदावतं आणि फ्लशच्या पाण्याला अमोनियाचा वास यायला लागतो. तो वास झाकायला पुन्हा फिनेल. हायपो तर जंतू मारण्यासाठीच असतं, ते टाकीत आल्यावर चांगले-वाईट निवडत बसत नाही. क्वाट वर्गातली जंतुनाशकं, म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड वगैरे, गाळाला चिकटून राहतात, त्यामुळे त्यांचा त्रास एका दिवसात संपत नाही.

फेस पाहून अंदाज बांधता येतो. पांढरा, हलका, वाऱ्यावर उडणारा फेस म्हणजे डिटर्जंट जास्त, किंवा गाळ अजून कोवळा. तपकिरी, जाड, तेलकट सायीसारखा थर म्हणजे तंतुमय जिवाणू वाढलेत, बहुधा पॅन्ट्रीचं तेल ग्रीस ट्रॅपमध्ये (तेल अडवणाऱ्या टाकीत) न अडता खाली येतंय. या दोन्हींवर एकच डिफोमर (फेस मोडणारं रसायन) ओतणं चूक आहे. डिफोमर फेस दाबतो, कारण तसंच राहतं.

ऑपरेटरकडून रोज तीन नोंदी घ्या: पीएच, एरेशन टँकमधला विरघळलेला ऑक्सिजन (२ मिग्रॅ प्रतिलिटरच्या आसपास हवा), आणि एसव्ही-३०. शेवटच्यासाठी एक लिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास स्थिर ठेवायचं आणि गाळ किती मिलीवर बसला ते लिहायचं. वरचं पाणी गढूळ राहिलं किंवा गाळ बसेचना, तर त्या आधीच्या दोन दिवसांत हाऊसकीपिंगने काय ओतलं ते तपासा. डीप क्लीनिंग बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवारी असतं. सोमवारी आकडे बिघडत असतील तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

रसायनी

एसटीपीवाला यांच्याशी पूर्ण सहमत. मालाच्या बाजूने भर घालतो.

बाजारात सुटा मिळणारा लिक्विड सोप म्हणजे बहुतेक वेळा ॲसिड स्लरी (लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनिक ॲसिड) कॉस्टिकने उदासीन केलेली, आणि दाट दिसावी म्हणून मीठ घातलेलं. हा घटक हवा मिळाली तर विघटित होतो, पण हवाविरहित गाळात होत नाही. पांढरं फिनेल म्हणजे पाइन ऑइल, सुगंध आणि इमल्सिफायर. स्वस्त मालात हा इमल्सिफायर बरेचदा नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट असतो. त्यातून नोनिलफिनॉल सुटतं, जे माशांना विषारी आहे आणि हॉर्मोनच्या कामात ढवळाढवळ करतं. आपल्याकडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं, त्यामुळे पुण्यात बादलीत काय घालतो हा खालच्या गावांच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट: फिनेलच्या पांढऱ्या पाण्याला चांगला वास येतो म्हणून ते जंतुनाशक आहे असं समजतात. फिनॉल वर्गातल्या जंतुनाशक द्रवांसाठी आयएस १०६१ हे मानक आहे आणि त्यात जंतू मारण्याच्या ताकदीनुसार श्रेणी ठरवल्या आहेत. कॅनवर त्याचा उल्लेख नसेल तर फक्त वास विकत घेतलाय असं समजा.

ठेकेदाराकडून 'ग्रीन' शब्द घेऊ नका, प्रत्येक मालाची एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक) घ्या. सोळा विभागांपैकी पाच वाचले तरी पुरे: २ मध्ये धोके, ३ मध्ये घटक, ८ मध्ये हातमोजे-चष्मा काय लागतो, ९ मध्ये पीएच आणि १२ मध्ये पर्यावरणावरचा परिणाम. बाराव्या विभागात 'माहिती उपलब्ध नाही' असेल तर माल नाकारा. तिथे ओईसीडी ३०१ चाचणीचा उल्लेख हवा. या चाचणीत २८ दिवसांत ६० किंवा ७० टक्के विघटन (मोजण्याच्या पद्धतीनुसार) झालं तरच पदार्थाला 'सहज जैवविघटनशील' म्हणता येतं. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहिण्याला अर्थ नाही, कारण कधी ना कधी बरंच काही विघटित होतं. याशिवाय फॉस्फेट नको, नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट नको, आणि सुगंध शक्यतो नको. सीआयआय या उद्योग संघटनेचं ग्रीनप्रो प्रमाणपत्र असेल तर तपासणीचं काम हलकं होतं. इकोमार्क हे पर्यावरणपूरक मालाचं सरकारी चिन्ह १९९१ पासून आहे आणि त्याचे नवे नियम २०२४ मध्ये आले.

फरशीमित्र

लॉबी तासाभरात मळते याचं कारण घाण कमी आणि साबण जास्त हे आहे. बोअरचं पाणी जड. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० मध्ये एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मिग्रॅ प्रतिलिटर आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी २०० ओलांडणं नवलाचं नाही. जड पाण्यात साबणाचा फेस कमी होतो, म्हणून मावशी आणखी दोन झाकणं ओततात. तो साबण फरशीवर पातळ चिकट थर होऊन बसतो आणि येणाऱ्या प्रत्येक बुटाची माती धरून ठेवतो.

खात्री करायची तर लॉबीच्या एका कोपऱ्यात नुसतं कोमट पाणी ओता आणि पांढऱ्या फडक्याने घासा. फेस आला तर तो आधीचा साबण. असं असेल तर नवं रसायन सुरू करण्याआधी दोन रात्री फक्त कोमट पाण्याने, ऑटो स्क्रबरला (फरशी घासून पाणी ओढून घेणाऱ्या यंत्राला) लाल पॅड लावून फरशी धुऊन घ्या. हे केलं नाही की नव्या मालाने फरशी चिकट होते अशी तक्रार येते, आणि लोक चौथ्या दिवशी फिनेलवर परत जातात. चांगले बदल बहुतेक इथेच मोडतात.

स्क्रबरमध्ये साधा लिक्विड सोप घालू नका. फेस रिकव्हरी टाकीतून व्हॅक्यूम मोटरमध्ये ओढला जातो आणि मोटर जळते. कमी फेसाचं, पीएच ७ ते ९ मधलं रसायन घ्या. पॅडचे रंग ठरलेले आहेत: पांढरं पॉलिशला, लाल रोजच्या धुण्याला, हिरवं चिवट डागाला, काळं फक्त जुना थर खरवडायला. काळं पॅड पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर फिरलं की चमक गेली, ती परत आणायला डायमंड पॉलिशिंगच करावं लागतं. मागे पाण्याच्या रेघा राहत असतील तर रसायन बदलू नका, मागच्या स्क्वीजीचं (पाणी ओढणाऱ्या पट्टीचं) रबर उलटवा. बहुतेक रबरांना चार कडा वापरता येतात.

जिन्यांबद्दल वेगळं सांगतो. कोटा हा चुनखडीचा दगड. त्यावर ॲसिड चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिडसुद्धा चालत नाही. 'नैसर्गिक आहे' म्हणून ओततात आणि पांढुरके खरबरीत डाग पडतात. ते डाग दगड झिजल्याचे असतात, त्यामुळे पुसून जात नाहीत. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर यांनाही हेच लागू. या सगळ्यांवर फक्त न्यूट्रल रसायन.

सगळ्यात स्वस्त सफाई म्हणजे दाराशीच माती अडवणं. लीड या हरित इमारतींच्या मानांकनाच्या मापदंडात प्रवेशद्वाराच्या मॅटची लांबी चालण्याच्या दिशेने किमान १० फूट आहे. आपल्याकडे तीन फुटाचा, नाव छापलेला मॅट टाकतात, त्यावर एक पाऊल पडतं आणि दुसरं थेट ग्रॅनाइटवर. बाहेर खरवडणारी जाळी, मग काथ्या किंवा जाड ब्रशचा पट्टा, आत पाणी शोषणारा मॅट. जून ते सप्टेंबर आतल्या मॅटचे दोन संच हवेत, कारण भिजून गच्च झालेला मॅट चिखल पुसत नाही, वाटतो. धूळ काढताना मॅट उलटा करून खालचीही माती काढा.

खराडीकर

फार उपयोगाचं. मग कमोडच्या डागांना ॲसिडऐवजी काय? आणि काही भाडेकरू कंपन्या बायो-एन्झाइम वापरा म्हणून मागे लागल्यात.

रसायनी

डागांसाठी सायट्रिक ॲसिड. खाद्य दर्जाची पावडर घ्या, ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात म्हणजे ५ टक्के. आधी ब्रशने कमोडमधलं पाणी पुढे ढकलून पातळी खाली आणा, नाहीतर द्रावण तिथेच पातळ होतं. मग कडेच्या आतून ओतून अर्धा तास ठेवा आणि घासा. जुना थर असेल तर टिश्यू पेपर द्रावणात भिजवून डागावर चिकटवा, द्रावण खाली ओघळत नाही. नळावरच्या पांढऱ्या क्षारांना हेच, पण १५ मिनिटांत धुऊन टाका. स्टीलच्या नळांना आणि लिफ्टच्या पत्र्याला हायड्रोक्लोरिक ॲसिड किंवा हायपो लागलं तर क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात, सायट्रिकने ते होत नाही.

युरिनलच्या पाइपमधला दगडी थर वेगळा. लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, पीएच चढतो आणि जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम खाली बसतं. शुक्रवारी रात्री १० टक्के सायट्रिक द्रावण अर्धा लिटर प्रत्येक युरिनलमध्ये ओतून ठेवा, सोमवारी पहिल्या शिफ्टला पाणी सोडा. पाइप जवळजवळ बुजला असेल तर सल्फॅमिक ॲसिड लागतं, ते प्रशिक्षित माणसानेच, चष्मा आणि हातमोजे घालून.

महत्त्वाचं, मोठ्या अक्षरात स्टोअरच्या दारावर लावा: कुठलंही ॲसिड आणि हायपो एकत्र नाही. सायट्रिक असलं तरी नाही. क्लोरीन वायू सुटतो. ज्या टॉयलेटमध्ये खिडकी नाही आणि एक्झॉस्ट बंद आहे तिथे हे जिवावर बेततं. हायपो आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनरसुद्धा एकत्र नको.

बायो-एन्झाइमबद्दल. गूळ १, फळांची सालं ३, पाणी १० भाग, तीन महिने आंबवायचं आणि पहिला महिना झाकण उघडून वायू सोडायचा, ही कृती चांगली आहे, घरी जरूर करा. पण मोठ्या इमारतीत त्याच्यावर भार टाकू नये असं माझं मत. एक, ते आम्लधर्मी असतं, त्यामुळे कोटा गेला. दोन, प्रत्येक घाण्याची ताकद वेगळी. तीन, शिल्लक साखरेने फरशी चिकटते आणि मुंग्या येतात. चार, ते जंतुनाशक नाही. वापरायचं तर पॅन्ट्रीच्या मोरीत आणि मजल्यावरच्या जाळ्यांत वापरा. बाजारात बॅसिलस जिवाणू असलेले ठरावीक ताकदीचे द्रव मिळतात, ते युरिनलच्या वासावर चांगले चालतात. मात्र ज्या टॉयलेटमध्ये सकाळी जिवाणू ओतले तिथेच दुपारी हायपो फिरवलं तर पैसे वाया.

विमाननगर_पूर्व

जंतुनाशक मग बंदच करायचं का? लोक घाबरतात.

रसायनी

बंद नाही, जागा ठरवायची. फरशी रोज निर्जंतुक करायची गरज ऑफिसात नसते, ती नुसती धुतली तरी पुरते. हात लागणाऱ्या जागा वेगळ्या: दाराचे हँडल, लिफ्टची बटणं, फ्लशचं बटण, नळ. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित तयार जंतुनाशक वापरा, ते शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं, म्हणून एसटीपीला त्रास कमी. ५० टक्क्यांचं औद्योगिक पेरॉक्साइड आणून इमारतीत पातळ करू नका, त्वचा भाजते. आणि लेबलवर जितकी मिनिटं लिहिलीत तितका वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. फवारून लगेच पुसलं तर जंतू नीट मरत नाहीत.

हायपो ठेवायचं ते उलटी किंवा रक्त सांडलं तर. ५ टक्क्यांच्या हायपोपासून ०.१ टक्का करायचं तर २० मिली हायपो आणि ९८० मिली पाणी. रक्तासाठी १ टक्का, म्हणजे २०० मिली हायपो आणि ८०० मिली पाणी. आधी शोषक कागदाने उचला, मग द्रावण. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हायपोची ताकद पटकन उतरते, म्हणून मोठा ड्रम भरून ठेवू नका आणि पातळ केलेलं त्याच दिवशी संपवा.

शिफ्ट_इन्चार्ज

वर सांगितलेलं सगळं बरोबर, पण प्रत्यक्षात ते मावशींच्या हातात जातं तेव्हा माप हरवतं. 'एक झाकण' हे माप नाही. प्रत्येक कॅनचं झाकण वेगळं.

लोक भिंतीवरचं डायल्युशन युनिट बसवतात, पाणी वाहताना ते रसायन आपोआप ओढतं. चांगली वस्तू, पण त्याला पाण्याचा दाब लागतो, साधारण दीड बार किंवा जास्त. गच्चीवरच्या टाकीतून १० मीटर खाली आलं की १ बार मिळतो. म्हणजे आठव्या मजल्यावर अर्धा बारसुद्धा नाही, तिथे युनिट नुसतं पाणी देतं आणि कोणाला कळत नाही. युनिट तळमजल्यावर किंवा तळघरातल्या स्टोअरमध्ये बसवा, तिथेच बाटल्या भरा आणि वर पाठवा. जड पाण्याने त्याची बारीक टिप क्षारांनी बुजते, ती महिन्याला सायट्रिकमध्ये भिजवा. तपासणी सोपी: मापाच्या भांड्यात एक लिटर द्रावण भरून घ्या आणि कॅन आधी-नंतर वजनकाट्यावर ठेवा. १:१०० असेल तर कॅन सुमारे १० ग्रॅमने हलका झाला पाहिजे. काटा स्वयंपाकघरातला, एक ग्रॅम दाखवणारा चालतो, फक्त पाच लिटरचा कॅन पेलणारा घ्या.

युनिट परवडत नसेल तर कॅनला हातपंप लावा, एका दाबात किती मिली येतं ते एकदा मोजून कॅनवर लिहा, आणि बादलीला आतून रंगाची रेघ मारा. पाणी आधी, रसायन नंतर. उलट केलं की फेस होतो आणि डोळ्यांत उडतं.

मायक्रोफायबरबद्दल. लाल टॉयलेटला, पिवळं बेसिन आणि आरशाला, हिरवं पॅन्ट्रीला, निळं टेबल-खुर्च्यांना. कापड दोनदा घडी घातलं की आठ बाजू मिळतात, एक मळली की पुढची. मोठी बादली आणि सुती पोछ्यापेक्षा ४० सेंटीमीटरचे सपाट पॅड आधीच भिजवून न्यायचे. एका पॅडमध्ये साधारण १५ ते २० चौरस मीटर होतं, मग पॅड बदलायचं, तेच घाण पाण्यात परत बुडवायचं नाही. पाण्याची बचत इथे खरी होते, आणि मावशींना भरलेली बादली उचलावी लागत नाही.

बिघडतं ते धुण्यात. फॅब्रिक सॉफ्टनर घातला की धाग्यांच्या फटी बुजतात आणि कापड पाणी पसरवतं, शोषत नाही. हायपोत भिजवलं की धागे कडक होतात. सुती फडक्यांबरोबर धुतलं की सगळा कापूस त्याला चिकटतो. वेगळं धुवा, ६० अंशांपर्यंत, द्रव डिटर्जंट कमी, वाळवा दोरीवर. वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याला बारीक गाळणी लावा, नाहीतर पॉलिएस्टरचे बारीक तंतू एसटीपीच्या गाळात जातात आणि तोच गाळ बागेत खत म्हणून पडतो.

एक विनंती: हवेत फवारा मारायला लावू नका, फवारा कापडावर मारायचा. क्वाट आणि हायपोच्या फवाऱ्याचा सफाई कामगारांच्या दम्याशी संबंध आहे. दिवसभर तो श्वास त्यांनाच घ्यावा लागतो, आपल्याला नाही. नायट्राइलचे हातमोजे त्यांच्या मापाचे द्या. मोठे मोजे कोणी घालत नाही.

एसटीपीवाला

डांबरगोळ्या आजच बंद करा. नॅप्थलिन आणि पॅराडायक्लोरोबेंझिन ही दोन्ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या '२-बी', म्हणजे संभाव्य कर्करोगकारक, यादीत आहेत. वास झाकतात, घालवत नाहीत.

वास कुठून येतो ते शोधा. बऱ्याचदा फरशीवरच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे पाइपातला वायू अडवणाऱ्या वाकातलं, पाणी सुकलेलं असतं. एसीच्या हवेत वापर नसलेला ट्रॅप दोन-तीन आठवड्यांत कोरडा होतो आणि पाइपातला वायू सरळ वर येतो. आठवड्याला प्रत्येक जाळीत एक लिटर पाणी ओतणं हे वेळापत्रकात लिहून घ्या. मग एक्झॉस्ट तपासा: टॉयलेटचं दार थोडं उघडून फटीशी टिश्यूची पट्टी धरा, ती आत ओढली गेली पाहिजे. बाहेर ढकलली गेली तर पंखा उलटा फिरतोय, डक्ट बंद आहे किंवा पंखाच बंद आहे. कुठलंही एअर फ्रेशनर यावर उपाय नाही.

विमाननगर_पूर्व

+१. आणखी एक: आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरणं चांगलं का?

फरशीमित्र

मूळ पाणी बोअरचं असेल तर काळ्या ग्रॅनाइटवर नको. आरओ बाहेर टाकतो ते आधीपेक्षा जास्त क्षारांचं पाणी असतं, वाळल्यावर पांढरी साय दिसते आणि ती घालवायला परत रसायन. फ्लशच्या टाकीत सोडा. पाण्याचा स्रोत महापालिकेचा असेल तर वेगळं, टीडीएस मीटर लावून बघा. काचेला मात्र उलट: आरओचं शुद्ध पाणी, त्यात अगदी थेंबभर न्यूट्रल रसायन आणि स्क्वीजी. निळ्या क्लीनरची गरज लागत नाही.

पार्किंगबद्दल कोणी बोललं नाही. पाइप लावून धुणं बंद करा. पार्किंगच्या गटारी बहुतेक ठिकाणी पावसाळी नाल्याला जोडलेल्या असतात, ते पाणी शुद्ध न होता सरळ नदीत जातं. सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाका, रात्रभर ठेवा, झाडून वेगळ्या डब्यात भरा. तो भुसा ओल्या-सुक्या कचऱ्यात घालायचा नाही, घातक कचरा म्हणूनच द्यायचा. स्क्रबरची टाकीसुद्धा रिकामी करायची ती गाळणीतून, एसटीपीला जाणाऱ्या मोरीत.

कंत्राटी_कलम

आता अटींकडे येतो, कारण वरचं सगळं कागदावर नसेल तर तीन महिन्यांत विरून जातं.

मुळातली गडबड अशी की रसायनांसाठी महिन्याची ठोक रक्कम ठरते. मग ठेकेदाराचा फायदा माल स्वस्त आणण्यात किंवा पाणी मिसळण्यात असतो. मनुष्यबळ आणि साहित्य वेगळं करा. रसायनं असोसिएशनने स्वतः, संहत स्वरूपात, सीलबंद घ्यावीत. ठेकेदाराने फक्त वापरावीत आणि रिकामे कॅन मोजून परत द्यावेत. वाढीव दराची तुलना कॅनच्या किमतीवर करू नका. तयार द्रावणाच्या एका लिटरवर करा. १:१०० चा पाच लिटर कॅन सुमारे ५०० लिटर द्रावण देतो, १:२० चा शंभरच्या आसपास. इथे स्वस्त माल महाग पडतो.

कलमात नावानिशी बंदी लिहा: हायड्रोक्लोरिक ॲसिड, फिनेल, डांबरगोळ्या, लेबल नसलेला कुठलाही द्रव. परवानगी असलेला माल पाच-सहाच प्रकारचा ठेवा: न्यूट्रल फ्लोअर क्लीनर, सायट्रिकवर आधारित टॉयलेट क्लीनर, पॅन्ट्रीसाठी अल्कधर्मी डीग्रीजर, पेरॉक्साइड जंतुनाशक, हात धुण्याचा सुगंधविरहित साबण, आणि कुलपात हायपो. प्रकार वाढले की चुका वाढतात. प्रत्येक बाटलीवर मराठीत आणि हिंदीत नाव, प्रमाण आणि चित्र. वाचता न येणाऱ्यालाही रंगावरून कळलं पाहिजे.

प्रशिक्षणाचे तास पगारी धरा, ड्युटी संपल्यावर नको. आणि ठेकेदाराची माणसं सतत बदलतात, म्हणून 'नवीन माणूस मजल्यावर जाण्याआधी दोन तास प्रशिक्षण' ही अट दंडासकट घाला.

रिकामे कॅन तीनदा विसळा, विसळलेलं पाणी पुढच्या घाण्यात वापरा. लेबल काढून तळाला भोक पाडा आणि मगच भंगारात द्या, नाहीतर ते कोणाच्या तरी घरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरले जातात. २०१६ च्या घनकचरा नियमांत रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी इमारत मोठी कचरानिर्माती ठरली, तेव्हा वजनाची नोंद ठेवा. सुका कचरा 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांकडे जात असेल तर टॉयलेटचा कचरा त्यात मिसळू देऊ नका, तो त्यांना हाताने वेगळा करावा लागतो. डस्टबिनची पिशवी रोज बदलायची सक्ती काढा. सुक्या कचऱ्याच्या डब्याला पिशवी लागतच नाही, डबा पुसला की झालं.

खराडीकर

कंत्राट लागायला वेळ आहे. तोपर्यंत कुठून सुरू करू? सगळे मजले एकदम बदलावेत का?

एसटीपीवाला

मजले एकदम बदला, रसायनं एकेक करून. एकाच मजल्यावर बदल केला तर एसटीपीत बाकी सात मजल्यांचं ॲसिड येतच राहतं आणि फरक दिसत नाही. आधी ॲसिड आणि डांबरगोळ्या काढा, सायट्रिक आणा. त्याच आठवड्यात सँड फिल्टर आणि कार्बन फिल्टरचं बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं) करून घ्या, फ्लशची टाकी रिकामी करून गाळ काढा. हे केलं नाही तर जुना गाळ कमोडमध्ये येत राहील आणि दोष सायट्रिकवर जाईल. नंतर फिनेल, शेवटी हायपो कुलपात. नायट्रिफिकेशन सावरायला दोन-तीन आठवडे धरा, तोवर अमोनियाची नोंद रोज घ्या. गाळ फारच कमी उरला असेल तर चांगल्या चालणाऱ्या एसटीपीतून गाळाचा टँकर मागवा.

शिफ्ट_इन्चार्ज

सायट्रिकची पावडर पावसाळ्यात दगड होते. २५ किलोची गोणी उघडली की झाकणबंद पिंपात भरा, आणि ५०-५० ग्रॅमच्या पुड्या आधीच बांधून ठेवा. एक पुडी, एक लिटरची बाटली. मजल्यावर मोजायला काही उरत नाही.